एएफएलची नियम बदलायची हौस कधी फिटणार?

यारातीर

मेलबर्नकरांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी थोडक्यात. इथे 'फूटी' म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. लंबगोल चेंडू, क्रिकेटचं अख्खं मैदान, दोन्हीकडे १८-१८ जण आणि प्रत्येक टोकाला चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथेने मारला तर गोल, सहा गुण. बाजूच्या फटीतून गेला तर बिहाइंड, एक गुण. एएफएल ही त्याची राष्ट्रीय स्पर्धा. ती सप्टेंबरअखेर संपते आणि ऑक्टोबरपासून दुसरी स्पर्धा सुरू होते: यंदा कुठला नियम बदलणार?

२०२६ च्या हंगामासाठी जाहीर झालेलं बघा. मधल्या वर्तुळात पंच चेंडू जमिनीवर आपटून उसळवायचे, तो बाउन्स बंद. आता नुसता वर फेकायचा. बदली खेळाडू रद्द, त्याऐवजी बाकावर पाच जण. दोन्ही टोकांना गोलपासून पन्नास मीटरवर आखलेल्या कमानींच्या मधल्या भागात चेंडू बाहेर गेला, तर ज्याने तो शेवटचा लाथेने किंवा हाताने दिला त्याच्याविरुद्ध फ्री किक. रकमनने, म्हणजे वर गेलेल्या चेंडूसाठी उडी मारणाऱ्या उंच खेळाडूने, मधली रेघ ओलांडून समोरच्याच्या अंगावर जायचं नाही. वर फायनल्समध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांत, आठच्या जागी दहा संघांना जायची संधी: सातवा विरुद्ध दहावा, आठवा विरुद्ध नववा, नाव वाइल्डकार्ड. हे सगळं एकाच उन्हाळ्यात.

बदली खेळाडूची कथा तर ऐकण्यासारखी आहे. २०१० पर्यंत बाकावर चार जण असायचे, हवे तितक्या वेळा आत-बाहेर करा. खेळाडू ताजेतवाने राहतात, खेळ फार वेगवान होतो आणि एखादा जखमी झाला की त्या संघाचं नुकसान होतं, म्हणून २०११ मध्ये तीन अधिक एक 'सब' केला. त्याला हिरवं जाकीट, ज्याच्या जागी तो आत जाणार त्याला लाल. २०१४ मध्ये अदलाबदलीवर १२० ची मर्यादा. २०१६ मध्ये सब गेला, चौघे परत आले आणि मर्यादा ९० झाली. २०२१ मध्ये ती ७५ वर आणली आणि हंगाम तोंडावर असताना 'मेडिकल सब' आणला, म्हणजे कुणी जखमी झालं तरच. मग कोण खरंच जखमी आणि कोण सोयीपुरता, यावर कुजबुज सुरू झाली. २०२३ मध्ये म्हणाले, जाऊ दे, कुठल्याही कारणाने बदला. आणि आता सबच नको, पाच जण घ्या.

माझं म्हणणं असं की यातला एकेक नियम सुटा काढून विचारलात तर निम्म्यांना माझी हरकत नसेल. पण कुठल्याच नियमाला मुरायला वेळ देत नाहीत. लोणचं घातल्यावर रोज बरणी उघडून ढवळायचं आणि वर म्हणायचं, आंबट का लागतंय!

---

बारक्या

पुण्यात बसून अधूनमधून हायलाइट्स बघतो. चेंडू हातात घेऊन पळतात, लाथ मारतात, समोरच्याच्या खांद्यावर गुडघा टेकवून वर चढतात आणि झेल घेतात. या खेळाला नियम आहेत हेच मला आज कळलं.

---

यारातीर

@बारक्या, खांद्यावर चढून झेल घेणं पूर्ण कायदेशीर आहे, त्याला 'स्पेकी' म्हणतात आणि स्टेडियम उठून उभं राहतं. मात्र झेल घेणाऱ्यासमोर जो प्रतिस्पर्धी उभा असतो, त्याने एक पाऊल डावीकडे टाकलं तर पन्नास मीटरचा दंड, म्हणजे चेंडू तेवढा गोलकडे सरकतो. असा आमचा खेळ.

---

शंकासुर

थोडं थंड पाणी ओततो. हा खेळ जन्माला आला तोच नियम लिहून. १८५९ च्या मे महिन्यात मेलबर्न क्लबच्या चार-पाच जणांनी हॉटेलात बसून दहा नियम लिहिले. त्यात टॉम विल्स होता, मूळचा क्रिकेटवाला. पुढच्याच वर्षांत त्यांत फेरफार सुरू झाले. बिहाइंडला एक गुण मिळायला लागला १८९७ मध्ये, त्याआधी ते गुणांत धरतच नसत. चेंडू टप्पा न पडता थेट बाहेर मारला तर समोरच्याला फ्री किक, हा नियम १९६९ चा. आज कुणी म्हणेल का की तो काढा? मधला चौकोन १९७५ चा. त्याआधी दोन वर्षं तो डायमंडच्या आकाराचा होता, म्हणजे तेव्हाही एकदा घालून परत बदलला. तेव्हाही कुणीतरी स्टँडमध्ये 'आमच्या वेळी असं नव्हतं' म्हणत बसलं असणारच.

आणि एक गोष्ट सोयीस्कर विसरली जाते. या खेळात ऑफसाइड नाही. एकदा खेळ सुरू झाला की छत्तीसच्या छत्तीस जण मैदानाच्या एका कोपऱ्यात जाऊन बसले तरी कायद्याने कुणी अडवू शकत नाही. पूर्वी कुणी बसत नव्हतं, कारण प्रशिक्षकांना सुचलं नव्हतं आणि खेळाडूंच्या अंगात तेवढं पळायची ताकद नव्हती. आता दोन्ही आहे. मग लीगने हातावर हात ठेवून बसायचं का?

---

जिलॉन्गची_सून

शंकासुर, तुमच्या मुद्द्याला माझ्या सासरचं उदाहरण. सासरे आयुष्यभर जिलॉन्ग संघाचे. २००८ ची ग्रँड फायनल आमच्या घरात अजून मोठ्याने काढायची नाही. हॉथॉर्न ११५, जिलॉन्ग ८९. पण जिलॉन्गचे गोल ११ आणि बिहाइंड २३. त्या तेविसांतले अकरा हॉथॉर्नच्या बचावपटूंनी स्वतःहून दिले होते. चेंडू गोलजवळ आला, अंगावर दोघे धावून येताहेत, की सरळ मागे रेषेपलीकडे नेऊन ठेवायचा. समोरच्याला एक गुण, पण चेंडू परत आपल्याकडे आणि डोक्यावरचं संकट टळलं. त्यात बेकायदा काहीच नव्हतं. लगेच २००९ पासून नियम आला: मुद्दाम असं केलं तर फ्री किक, तीही थेट गोलसमोर.

सासरेबुवांचं यावर मत काय, तर नियम बरोबर, पण आमचा कप गेल्यावर आणला. :-)

पुढची गंमत म्हणजे 'मुद्दाम' ठरवायचं कसं? अंगावर दडपण असेल तर चालेल म्हणाले. मग दडपण म्हणजे किती? समोरचा किती लांब असला तर? गोलरेषेपासून किती अंतरावर? एक वाक्याचा नियम होता, त्याला शेपट्या फुटत गेल्या. माझ्या मते त्रास इथे आहे. नवीन नियमाने कुणी चिडत नाही, पण प्रत्येक नियमात पंचाने खेळाडूच्या मनात शिरून हेतू वाचायचा, हे नको.

---

नववा_नंबर

@जिलॉन्गची_सून, पाप फक्त हॉथॉर्नच्या माथी मारू नका, त्यात आमच्या रिचमंडचाही वाटा आहे. त्याच वर्षी एसेंडनविरुद्ध शेवटच्या काही सेकंदांत आम्ही पुढे होतो आणि जोएल बोडनने चेंडू आत मारायच्या ऐवजी मुद्दाम मागे पाऊल टाकून बिहाइंड दिला. एकदा नाही, दोनदा. घड्याळ संपलं, सामना जिंकलो. मी नाचलो होतो. अजूनही त्याला हुशारीच म्हणेन.

---

पर्थची_पमी

मम म्हणायला आले. 'पुरेसा हेतू नाही' म्हणून सीमारेषेवर फ्री किक देतात ना, तो २०१६ पासूनचा प्रकार तर डोक्यात जातो. खेळाडू पडता पडता लाथ मारतो, लंबगोल चेंडू आहे, कुठेही वळतो, आणि पंच म्हणतात तुझा हेतू पुरेसा नव्हता! त्यापेक्षा शेवटी ज्याने दिला त्याच्याविरुद्ध फ्री किक, हा नवा नियम मला चालेल. निदान हेतू-बितू बघायला नको. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या लीगमध्ये २०१६ पासून तसंच चालू आहे आणि आकाश कोसळलेलं नाही.

---

शिट्टीवाला

आठवड्याच्या शेवटी मेलबर्नच्या पश्चिमेला स्थानिक लीगमध्ये पंच म्हणून पळतो, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. शिव्या नंतर घाला.

आधी बाउन्स. टीव्हीवर सोपा दिसतो. दोन्ही हातांत चेंडू उभा धरायचा, कमरेतून वाकून वर्तुळाच्या मध्यावर पूर्ण जोराने आपटायचा आणि तो डोक्यावरून सरळ वर जायला हवा. आपटून झाल्याबरोबर तसंच पाठमोरं मागे सरकायचं, कारण दोन्हीकडून दोन मीटर उंचीचे रकमन झेप घेत येत असतात. जमीन ओली असली, गवत उखडलेलं असलं की चेंडू भलतीकडेच जातो. मग शिट्टी, परत बोलवा, वर फेका. मैदानात इतरत्र होणारा बाउन्स २०१३ मध्येच बंद झाला, राहिला होता तो फक्त मधला. चांगला पळणारा, चांगले निर्णय देणारा माणूस केवळ बाउन्स जमत नाही म्हणून वर जाऊ शकत नाही, हे मी जवळून पाहिलंय. पाठ आणि खांदे जातात ते वेगळंच. म्हणून बाउन्स गेल्याचं मला दुःख नाही. स्टँडमधून बघताना सामन्याची सुरुवात त्या आपटण्याच्या आवाजाने व्हायची, ते जाणार याचं थोडं वाटतं, नाही असं नाही.

आता गाऱ्हाणं. लिहिलेले नियम बदलतात तेव्हा निदान पुस्तिका येते, उन्हाळ्यात बसून वाचता येते. खरा घोळ 'इंटरप्रिटेशन'चा. नियम तोच, अर्थ नवा. टॅकलमध्ये चेंडू धरून ठेवला की 'होल्डिंग द बॉल'. त्यात आधी बघायचं की याला चेंडू सोडायची संधी मिळाली होती का. नसेल तर 'वाजवी वेळ' द्यायचा. २०२४ मध्ये हंगाम ऐन भरात असताना एएफएलने सांगितलं की हा वाजवी वेळ कमी करा. नियमातला एक शब्दही हलला नाही, आणि गेल्या शनिवारी जो बॉल-अप (पंचाने चेंडू परत वर फेकणं) होता तो या शनिवारी फ्री किक झाला. वरच्या पंचांना पूर्णवेळ प्रशिक्षक असतात, व्हिडिओ असतात. आम्ही टीव्ही बघून अंदाज बांधतो. अंडर-१२ च्या सामन्यात रेषेवरचे बाबालोक आदल्या रात्रीचा सामना बघून आलेले असतात आणि प्रत्येक टॅकलला 'बॉऽऽऽल!' असं ओरडतात. त्यांच्यासाठी नियम म्हणजे काल रात्री जे दिलं ते.

---

बारक्या

@शिट्टीवाला, पंचांशी हुज्जत घातली तर काय होतं?

---

शिट्टीवाला

२०२२ पासून सरळ पन्नास मीटर. त्या वर्षी तर दोन्ही हात पसरून 'काय राव?' असा नुसता आविर्भाव केला तरी देत होते. लोक खूप हसले, खूप चिडले. पण माझ्यासाठी तो नियम चांगला ठरला. गावोगावच्या लीगना पंच मिळेनासे झाले होते, कारण सोळा-सतरा वर्षांची पोरं शिट्टी घेऊन उतरायची आणि चाळिशीच्या माणसांच्या शिव्या खाऊन दुसऱ्या वर्षी यायचीच नाहीत. टीव्हीवरचे हात खाली आले तसे आमच्याकडचेही आले. काही महिन्यांनी वरच्या सामन्यांत तो हळूहळू सैलावला, ते सोडा.

---

यारातीर

शिट्टीवाला, अगदी बरोबर पकडलंत. आणि हात पसरण्याचा नियम सैलावला म्हणता, तेच तर माझं रडगाणं. मार्चमध्ये सगळ्यांना धाक बसेल असं कडक करायचं, जूनपर्यंत विसरायचं. बघणाऱ्याला कळेना की नियम रद्द झाला का नुसता थकला.

शंकासुर, ऑफसाइड नसल्याचा मुद्दा मान्य. पण पुढचंही बघा. साधारण २००० च्या सुमारास एका संघाची सरासरी शंभरीच्या घरात असायची. पुढे सगळे खेळाडू चेंडूमागे गोळा व्हायला लागले आणि ती ऐंशीच्या आसपास आली. लीगला काळजी वाटली, समजू शकतो. २०१९ मध्ये ६-६-६ आणला: मधल्या बॉल-अपच्या वेळी प्रत्येक संघाचे सहा जण पुढे, सहा मध्ये, सहा मागे. झालं काय? त्याच वर्षी सरासरी वाढायच्या ऐवजी आणखी घसरली. कारण चेंडू हवेत गेल्यावर दहा सेकंदांत प्रशिक्षकाला हवी ती गर्दी परत जमते. मग २०२१ मध्ये 'स्टँड'. मार्क, म्हणजे झेल, घेणाऱ्यासमोरचा माणूस पुतळ्यासारखा उभा राहील म्हणजे बाकीच्यांना मैदान मोकळं मिळेल. आता सामनाभर मैदानातून पंचांचा एकच आवाज येतो, 'स्टँड! स्टँड!' एका बाजूला प्रशिक्षकांच्या फौजा, पूर्णवेळ पळवाटा शोधतात. दुसऱ्या बाजूला लीगची एक समिती. ही शर्यत समिती कधी जिंकणार?

---

सूरपाटी

ऑस्ट्रेलियात कधी पाऊल टाकलेलं नाही, फूटी बघत नाही, तरी धागा शेवटपर्यंत वाचला कारण दुखणं ओळखीचं आहे.

तुमचा सब आणि आमचा आयपीएलचा इम्पॅक्ट प्लेयर भाऊ-भाऊ. २०२३ मध्ये आणला. धावा वाढल्या, अडीचशे म्हणजे रोजचं झालं. रोहित शर्माने २०२४ मध्ये उघड सांगितलं की आपल्याला हा नियम फारसा आवडत नाही, शिवम दुबे आणि वॉशिंग्टन सुंदरसारख्यांना गोलंदाजीच मिळत नाही. तरी नियम २०२७ पर्यंत चालूच. एकदिवसीय क्रिकेटमध्ये २००५ मध्ये सुपरसब आणून वर्षभरात गुंडाळला होता, तो अनुभव कुणाच्या लक्षात राहिला म्हणता?

खो-खोत तर मी स्वतः वाढलो. २०२२ मध्ये बालेवाडीला अल्टिमेट खो-खो सुरू झालं तेव्हा त्यात 'वजीर' आणला. इतर पाठलाग करणाऱ्यांना दिशा बदलता येत नाही, याला कुठल्याही दिशेला पळता येतं. आमच्या तालमीतले जुने गुरुजी पहिल्या दिवशी उठून गेले. मला मात्र आवडला, खोटं कशाला बोलू. पण तिथे एक नियम आला आणि राहिला. दर वर्षी वजिराच्या जागी उंट आणला असता तर मीही उठून गेलो असतो.

---

शंकासुर

सूरपाटी, मस्त. पण तुम्हीच माझी बाजू भक्कम केलीत. गुरुजी उठून गेले, तुम्ही बसलात आणि तुम्हाला आवडलं. लीग गुरुजींसाठी चालवायची का बसणाऱ्यांसाठी?

यारातीर यांना एकच प्रश्न: उद्यापासून पाच वर्षं एकही नियम बदलायचा नाही असं ठरवलं, आणि दुसऱ्याच वर्षी एखाद्या प्रशिक्षकाने २००८ सारखी पळवाट काढून ग्रँड फायनल जिंकली, तर तुम्ही गप्प बसाल?

---

यारातीर

बसेन. चिडेन, पण बसेन. समोरचा प्रशिक्षक त्यावर तोड काढेल. २००९ मध्ये नियम आला नसता तरी पुढच्या हंगामात दहा संघांनी त्यावर उपाय शोधलाच असता असं मला वाटतं. पूर्वी ते काम मैदानातच व्हायचं. आता प्रशिक्षकाने काही नवीन केलं की आधी समालोचक ओरडतात, मग लीग नियम करते, मग दुसरा प्रशिक्षक काय करणार?

आणि टीव्हीचं नाव अजून कुणी घेतलं नाही. इथे प्रत्येक गोलनंतर जाहिरात लागते. बिहाइंडनंतर लागत नाही. सेव्हन आणि फॉक्सटेल या वाहिन्यांशी २०२५ ते २०३१ चा करार साडेचार अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर्सचा आहे. 'खेळ मोकळा करायचाय' हे वाक्य ऐकलं की मला आधी तो आकडा आठवतो. पुरावा विचारू नका, संशय म्हणून लिहितोय.

---

जिलॉन्गची_सून

टीव्हीचं असेल. पण एक वर्ग या वैतागातून बाहेर ठेवा, ही कळकळीची विनंती. डोक्याला मार लागण्याबद्दलचे नियम.

पॉली फार्मर हे आमच्या घरातलं दैवत. रकमन, आणि हँडबॉलला, म्हणजे मुठीने मारून दिलेल्या पासला, शस्त्र बनवणारा माणूस. २०१९ मध्ये ते गेले आणि नंतर मेंदूच्या तपासणीत सीटीई निघालं, डोक्याला वर्षानुवर्षं बसलेल्या धक्क्यांमुळे होणारा आजार. एएफएलच्या खेळाडूंत असं निदान झालेले ते पहिले. त्यानंतर आमच्या घरात 'पूर्वी कसे धडकायचे' या कौतुकाला आपोआप लगाम बसला.

२०२३ च्या फायनल्समध्ये ब्रेडन मेनार्ड चेंडू अडवायला हवेत उडाला आणि उतरताना अँगस ब्रेशॉवर आदळला. न्यायाधिकरणाने मेनार्डला निर्दोष सोडलं, कारण तेव्हाच्या नियमात बसत होतं. ब्रेशॉने पुढच्या फेब्रुवारीत खेळ सोडला, वय अठ्ठावीस. मग नियम बदलला: हवेत उडून चेंडू अडवायला जाणार असाल तर समोरच्याच्या सुरक्षेची जबाबदारी तुमची. २०१२ मध्ये गॅरी रोहनचा पाय मोडला आणि २०१३ पासून पायांवर घसरत जाणं बंद झालं, तेही तसंच. हे दर वर्षी बदलले तरी मी ओरडणार नाही.

---

यारातीर

पूर्ण सहमत. त्या यादीत हे धरलेलंच नाही. उलट हे नियम कुणी चटकन मान्य करत नाही त्याचं एक कारण बाकीचा गोंगाट आहे. दर वर्षी दहा बदल येतात, त्यात खरंच महत्त्वाचा एक असतो, आणि लोक दहाच्या दहांना शिव्या घालतात.

---

पर्थची_पमी

टॅकलच्या बाबतीत मात्र मला वाटतं खेळाडूंवर अन्याय होतो. एका सेकंदात ठरवायचं: सोडला तर तो पळतो, खाली आपटला तर तीन आठवडे बंदी. पण हो, ताई म्हणतात ते कळतंय.

---

नववा_नंबर

एवढं गंभीर झालंय तर एमसीजीमधलं सांगतो. पंट रोडच्या टोकाला आमच्या शेजारी एक आजोबा बसतात. एएफएल रेकॉर्ड, म्हणजे सामन्याची पुस्तिका, मांडीवर, शिसपेन्सिल कानामागे. प्रत्येक गोल, प्रत्येक बिहाइंड स्वतः लिहितात, समोर एवढा मोठा पडदा असताना. पूर्वी कुणी नवखा शेजारी येऊन 'शिट्टी का वाजली?' विचारायचा तेव्हा आजोबा मान वर न करता कारण सांगायचे: पाठीत ढकललं, वर मानेला धरलं, चेंडू फेकला. आता ते खांदे उडवतात आणि पुढच्या रांगेतल्या मुलाला विचारतात, कारण तो कानात रेडिओ घालून असतो. मैदानात २०२३ पासून तीनऐवजी चार पंच झाले, तरी शिट्टी का वाजली ते स्टँडमध्ये एकालाही कळत नाही. त्यातून रीप्ले सुरू. चौथ्या क्वार्टरमध्ये तर ते पेन्सिल खिशात टाकतात.

---

शंकासुर

आजोबांना माझा नमस्कार सांगा. याच्यावर माझ्याकडे उत्तर नाही, म्हणून विषय बदलतो. :-) २०२३ मध्ये ॲडलेडच्या बेन कीजचा गोल आठवतोय? चेंडू खांबाला लागला म्हणून बिहाइंड दिला, खरं तर लागलाच नव्हता. सिडनी एका गुणाने जिंकली, ॲडलेडची फायनल्सची वाट बंद झाली आणि लीगने दुसऱ्या दिवशी चूक कबूल केली. त्याला नवा नियम लागत नव्हता. असलेला रीप्लेचा पडदा वापरायला हवा होता, आणि त्या दिवशी तोच वापरला नाही.

---

शिट्टीवाला

गोल-अम्पायरची बाजू मी घेणार नाही, पण ते एकटे दोषी नव्हते एवढंच.

---

बारक्या

मी पुढच्या जुलैत मेलबर्नला येतोय बहिणीकडे. एक सामना बघायचाय. नियमांचा अभ्यास करून येऊ की न करता?

---

यारातीर

@बारक्या, न करता ये. जुलैत एमसीजीवर शनिवारी दुपारचा सामना धर, थंडी असते, जाड जाकीट आण. जनरल ॲडमिशनचं तिकीट आयत्या वेळीही मिळतं, एक लाख लोकांचं मैदान आहे. बाकी मी शेजारी बसून चुकीची कारणं सांगेन.

---

जिलॉन्गची_सून

जिलॉन्गला आण त्याला. ट्रेन आहे.

---

नववा_नंबर

मूळ धाग्यातल्या वाइल्डकार्डवर कुणीच बोललं नाही, म्हणून रिचमंडवाल्याचं दुःख मांडतो. फायनल्समध्ये १९९४ पासून २०२५ पर्यंत आठ संघ असायचे. त्या १९९४ मध्ये आम्ही नववे. १९९६ मध्ये नववे. १९९८, २०००, २००६, २००८, नववे, नववे, नववे, नववे. सगळ्या देशाने आमच्यावर विनोद केले, मी माझं सभासदनाव त्यावरूनच घेतलं. आता तीस वर्षांनी लीगला सुचलं की नवव्या नंबरालाही संधी द्यावी. आणि आम्ही कुठे? २०२४ मध्ये अठरापैकी अठरावे, २०२५ मध्ये सतरावे.

---

शंकासुर

अजून एक-दोन वर्षं थांबा, अठरा संघांची फायनल्स करतील.